वजा दोन

सकाळच्या वर्गात हात वर धरून मी मूठ मिटून दाखवत होते, तेव्हा दुसऱ्या रांगेतले घड्याळजी म्हणाले, "तुमची मिटत नाही हो." आवाजात कुत्सितपणा नव्हता. सदऱ्याचं बटण उघडं राहिलंय असं एखाद्याला हळूच सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस; काय फिरतंय आणि काय फिरायचं थांबलंय, हे त्यांना मुद्दाम बघावं लागत नाही. "उजव्या हाताची ही दोन," स्वतःची बाहेरच्या बाजूला झुकलेली बोटं पुढे करून ते म्हणाले, "मधलं आणि त्याच्या शेजारचं. गेल्या मंगळवारी तळव्याला टेकत होती, आज टेकत नाहीत." वर्गात अकरा माणसं होती. अकराही जणांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई त्यांच्या शेजारीच बसतात, त्या मला सावरून घ्यायला म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्हाला कशाला नसती उठाठेव?" "अहो पण झाकतच नाहीये ना," घड्याळजी म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. बाळाला कुशीत घेऊन झोपले होते, हात अवघडलाय, असं काहीतरी बोलले, आणि लगेच म्हणाले, आता खांदे, पाच वेळा पुढे, पाच वेळा मागे. बावीस खांदे निमूटपणे फिरू लागले. दुखणाऱ्या माणसांसारखी आज्ञाधारक माणसं नाहीत. खांदे फिरवता फिरवता घड्याळजी मात्र माझ्या हाताकडेच बघत होते, आणि मी तो पाठीमागे नेऊन टेबलाच्या कडेवर टेकवला होता.

या खोलीत मी आठ वर्षं उभी आहे. लांबट खोली, एका बाजूला आरसा, दुसऱ्या बाजूला हात शेकायचं मेण वितळवायची टाकी. त्या मेणाचा वास माझ्या कपड्यांना आणि आता माझ्या लेकीच्या केसांनाही लागतो. सांधे धरलेल्या माणसांना कसं हलायचं ते मी शिकवते. दुखतं म्हणून हलायचं थांबू नका, आणि हलायचं म्हणून वाटेल तेवढं दुखणं अंगावर काढू नका, हे मी दिवसातून दहा वेळा म्हणते. व्यायामानंतरचं दुखणं दोन तासांत उतरलं तर बरोबर चाललंय. नाही उतरलं तर उद्या निम्मं करायचं, पण सोडायचं नाही. हे म्हणताना माझ्या डोक्यात भाजी संपल्याचा विचार असतो, इतकं ते तोंडात बसलंय. लेक तीन महिन्यांची असताना एका सकाळी तिच्या झबल्याचं टिचबटण मला लागेना. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात एवढीशी चकती, आणि माझ्या हातात कुणीतरी दुसऱ्याचीच बोटं बसवल्यासारखी. ती पाय झाडत होती, मला वाटलं तिच्यामुळेच. दुसऱ्या दिवशी ती शांत पडून माझ्याकडे टकमक बघत होती तरी बटण लागलं नाही. नवऱ्याने येऊन लावलं, दोन सेकंदांत, दुसऱ्या हाताने फोन धरून. सासूबाई म्हणाल्या, "ओल्या अंगाला वारं लागलंय, सांगितलं होतं खिडकी उघडी ठेवू नकोस." पाचव्या दिवशी मला कळलं होतं. दोन्ही हातांचे तेच ते सांधे, सकाळचा दीड तास बोटं लाकडासारखी, मग हळूहळू सैल. माझ्यापुढे येऊन कुणी हे सांगितलं असतं तर वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी त्याला वर डॉक्टरांकडे धाडलं असतं. स्वतःला मी सांगितलं, बाळ उचलून मनगट भरलंय. दिव्याखाली अंधार म्हणतात. माझ्या बाबतीत दिव्यावर मीच फुंकर घातली होती.

दुखण्याचं नाव कळलं तेव्हा लेक पाच महिन्यांची झाली होती. वरच्या मजल्यावर सांध्यांच्या डॉक्टरीणबाई बसतात. आठ वर्षं आमचे कागद एकमेकींकडे जातात, त्यामुळे मला पेशंट म्हणून समोर बसलेलं बघून त्यांनाच जास्त अवघडल्यासारखं झालं. त्यांनी आधी सौम्य गोळी दिली, जी दूध पाजतानाही चालते. पाच-साडेपाच महिने मी ती घेतली. गेल्या महिन्यात त्यांनी माझे हात आपल्या हातात घेऊन एकेक सांधा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "मला वाटतं ही पुरत नाहीये. पुढची सुरू करावी लागेल, आठवड्यातून एकदा घ्यायची. पण ती सुरू केली की पाजता येणार नाही. अजून किती वेळा पाजतेस?" मी म्हणाले, सकाळी, संध्याकाळी, आणि मध्ये मागेल तेव्हा. "वरचं खाते ना? मग लोक सोडवतात या वयात." मी म्हणाले, हो, सोडवतात. त्यांनी रक्ताचा कागद पुन्हा पाहिला. "रक्त मधलंच आहे, सूज मधलीच आहे. तू काय सांगतेस त्याच्यावर आहे बघ. एक महिना जाऊ दे. तुझ्याच विभागातून तुझी पूर्ण नोंद करून घे. दुखणं दहापैकी सहा किंवा त्याच्या आत असेल तर तीन महिने थांबू. वर असेल तर मात्र लगेचच्या सोमवारी सुरू. मग थांबणं म्हणजे हातांशी खेळ. आणि हातांशिवाय तू काय करणार आहेस?" त्या हे प्रेमाने म्हणाल्या होत्या, म्हणून मला जास्त लागलं.

तीन महिने. मी ते तीन महिने महिनाभर घोळवत होते. तीन महिन्यांत ती चालायला लागेल, मग तिचं तिलाच भान राहणार नाही, एखाद दिवशी ती आपण होऊन तोंड फिरवेल आणि मला कुणाला काही तोडावं लागणार नाही. कारण तिचं बाकी सगळं आता दुसऱ्यांच्या हातांनी होतं. आंघोळ सासूबाई घालतात. तिचं ओलं, निसटतं अंग माझ्या हातांना पेलवत नाही. कपडे नवरा चढवतो. वाटीतलं भरवताना चमचा माझ्या मुठीतून कलतो आणि ती हसते, तिला वाटतं आई गंमत करते. उरलं ते एवढंच. मांडीवर उशी घेऊन बसलं की ती येते, कपाळ घासते, आणि मग जे होतं त्यात माझं शरीर कुठे चुकत नाही. तेवढी वीस मिनिटं मी धडधाकट बाई असते. सासूबाई दारातून म्हणतात, "सोडव आता तिला, रक्त पितेय तुझं. जगाला हातपाय हलवायला शिकवतेस आणि घरात टिचबटण लावता येत नाही." त्यांच्या बोलण्यात खोट काढावी असं काही नसतंच, हीच पंचाईत.

आणि त्या तीन महिन्यांसाठी मी आकडा ठरवून ठेवला होता. चार. आमच्या विभागात सगळा कारभार आकड्यावर चालतो. शून्य ते दहा अशी एक पट्टी असते, शून्याशी हसरा चेहरा, दहाशी रडका. पेशंटसमोर ती ठेवायची आणि विचारायचं, आज दुखणं कितीवर? सहाच्या वर गेलं की कागदावर लाल शिक्का, वर्ग बंद, पेशंट वर डॉक्टरांकडे. वरची रांग महिना-दीड महिन्याची, आणि परत येईपर्यंत वर्गातली जागा गेलेली. मी नवी होते तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी, त्या आता निवृत्त झाल्या, मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेतलं होतं. "हे बघ, पट्टीवर जाऊ नकोस. बायका दोन वाढवून सांगतात, बाप्ये दोन कमी करून सांगतात. आपण काटा मध्ये आणायचा." म्हणजे कसं, मी विचारलं. "म्हणजे बाईने आठ म्हटलं की सहा लिही. नाहीतर महिनाभरात वर्ग ओस पडेल आणि सगळ्या घरी बसून आणखी आखडतील. त्यांच्याच भल्याचं आहे." बाप्यांचे दोन वाढवून लिहिलेले मी कधी कुणाच्या कागदावर पाहिले नाहीत. पण बायकांची वजाबाकी मी शिकले, आणि सहा महिन्यांत ती इतकी अंगवळणी पडली की कानाने आठ ऐकलं तरी हात सहाच लिहायचा. मध्ये मी कुठे नसायचे.

शिवणवाल्या बाई माझ्याकडे आल्या त्याला आता चार वर्षं होतील. शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवायच्या, घरीच, दिवसाला साठ-सत्तर. बुटक्या, गोल, तोंडात सतत टाचण्या धरल्यासारख्या ओठ मिटून बोलायच्या. मनगट वरच्या बाजूने सुजलेलं, मऊ उशीसारखं. पहिल्या आठवड्यात त्यांनी आठ सांगितलं, मी सहा लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "सात असेल, नाही, सातच," मी पाच लिहिलं आणि म्हणाले, बघा, उतरतंय. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा आठ. मी विचारलं, व्यायामानंतर किती वेळ राहतं? "राहतं म्हणजे? जातं कधी?" असं त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मी सहा लिहिलं. रबराचा गोळा दाबायचा व्यायाम पंधरा वेळांवरून वीसवर नेला. चौथ्या आठवड्यात त्या आल्या आणि हात टेबलावर पालथा ठेवून म्हणाल्या, "ही शेवटची दोन बोटं वर येत नाहीत कालपासून. पण एक आहे हां, तिथलं दुखणं गेलं. आज दोन सांगू का?" त्यांच्या चेहऱ्यावर पास झालेल्या मुलीचा आनंद होता. बोट वर उचलणारी जी दोरी मनगटावरून जाते, ती त्या सुजेत घासून घासून तुटली होती. तुटलेली दोरी दुखत नाही. त्या दिवशी मात्र मी काही वजा केलं नाही. कागद हातात घेऊन धावत वर गेले. शस्त्रक्रिया झाली, एक बोट थोडं उचलायला लागलं, दुसरं नाही. सुईखाली कापड सरकवताना त्या दोन बोटांनी त्याला वाट द्यावी लागते म्हणे. पुढे त्यांनी मशीन जावेला देऊन टाकलं, असं कुणीतरी सांगितलं.

माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. कागदावर सहा, पाच, सहा होतं; शिक्का मारायचं कारणच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं होतं कधीकधी, एकदम जातं." कुणी न विचारणं हीच खरी शिक्षा असते वगैरे म्हणायला मला आवडलं असतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. त्यानंतर मी वजाबाकी सोडली का? नाही. महिनाभर जसं सांगतील तसं लिहिलं, शिक्क्यांवर शिक्के पडले, वर्गात चार माणसं उरली, वरून विचारणा झाली की तुमच्याकडे नेमकं चाललंय काय. मग हात आपोआप जुन्या वळणावर गेला. आणि पुढच्याच वर्षी, जिला आम्ही सगळे धाकटी म्हणतो ती मुलगी आमच्याकडे कामाला लागली, तेव्हा पहिल्या आठवड्यात मी तिला बाजूला घेतलं. बायका दोन वाढवून सांगतात, मी म्हणाले. मोठ्या बाईंचाच स्वर माझ्या तोंडात होता, आणि तो मला शोभतोय असंही तेव्हा वाटलं होतं.

आज माझी नोंद करायची होती ती धाकटीनेच. दुपारी तीन वाजता, वर्ग रिकामा झाल्यावर, मी पेशंटच्या खुर्चीत बसले. आठ वर्षांत ती खुर्ची किती बुटकी आहे हे मला ठाऊक नव्हतं. टेबल छातीशी येतं, आणि समोरचा माणूस न्यायाधीशासारखा उंच होतो. "ताई, घड्याळजी काय म्हणाले ते ऐकलं मी," धाकटी म्हणाली. "त्यांना काम काय दुसरं. मोज तू." तिने कोन मोजायची पट्टी बोटांवर ठेवली, पकड मोजायचं यंत्र माझ्या हातात दिलं. मी दाबलं. काट्याने जरा हलल्यासारखं केलं. "पूर्ण जोर लावा ताई." "लावला." ती लिहीत राहिली. मग तिने वेदनेची पट्टी पुढे सरकवली. "शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही असं—" "अगं, मला काय सांगतेस? मीच शिकवलंय तुला." "सांगावंच लागतं ताई, नियम आहे. तुम्हीच शिकवलंय." आम्ही दोघी हसलो. माझ्या जिभेवर चार तयार होतं. सकाळपासून नव्हे, महिन्यापासून तयार होतं. चार म्हणताना चेहरा कसा ठेवायचा तेही ठरलं होतं, थोडं कंटाळल्यासारखं, त्यात काय एवढं अशा थाटात. तेवढ्यात धाकटीने पुढे होऊन माझ्या मनगटाखाली आपला तळवा ठेवला. सांध्याचा भार काढून घ्यायचा असतो, आकडा विचारताना माणसाने दुखऱ्या हाताचं ओझं धरून ठेवलेलं नसावं. हेही मीच शिकवलेलं. तिचा हात गार होता आणि भक्कम होता. सात-आठ महिन्यांत माझ्या हाताचं वजन कुणी असं घेतलं नव्हतं; सगळे मला काम करू नको म्हणायचे आणि काम उचलायचे, हात कुणी उचलला नव्हता. तो भार गेला आणि त्याच्याबरोबर मी महिनाभर धरून ठेवलेलंही सुटलं. "आठ," मी म्हणाले.

धाकटीने मान हलवली आणि लिहिलं. आमच्या धंद्यात सगळ्यांना उलटं वाचता येतं. समोरच्या बाजूने मला तो आकडा स्वच्छ दिसला, सहा. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, लबाडी नाही, दया नाही, थोडासा विचारही नाही. तिच्या कानाने आठ ऐकलं होतं आणि हाताने सहा लिहिलं होतं, आणि मध्ये ती कुठे नव्हती. मी तोंड उघडलं असेल. पण त्याच्या आधीच माझ्या पोटात कुठेतरी एक लहान मुलगी शाळेला सुट्टी मिळाल्यासारखी उड्या मारू लागली होती. सहा म्हणजे तीन महिने. मी तर खरं सांगितलं होतं. खोटं बोलल्याचं पाप नाही आणि खऱ्याची किंमतही नाही, असा सौदा माणसाला आयुष्यात कितीदा मिळतो? "झालं?" मी विचारलं. "झालं ताई, इथे सही करा." पेन मुठीत खुपसून मी सही केली. धाकटीने कागद फायलीत लावून वर पाठवून दिला, आणि मला म्हणाली, "मेणात हात घालता का पाच मिनिटं? टाकी गरम आहे अजून." मी म्हणाले, नको, लेक वाट बघत असेल.

बसमध्ये मी दांडा कोपराच्या खाचेत अडकवून उभी राहते, घराची किल्ली दोन तळव्यांत धरून सबंध हाताने फिरवते, पिशवी खांद्यावर. आज यातलं काहीच मला जड गेलं नाही. तीन महिने, तीन महिने, असं पायऱ्यांवर पाय पडत होते. सासूबाईंनी दार उघडलं. लेक त्यांच्या कमरेवर होती, एका पायात मोजा, दुसरा मोजा तोंडात. मला बघून तिने मोजा टाकला आणि दोन्ही हात पुढे केले, आणि मी हात धुवून, उशी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. सासूबाईंनी तिला आणून दिली. ती अजून तोंड लावायची होती, माझ्या बोटाचा सुजलेला सांधा धरून त्याच्यावर आपल्या चार दातांनी चावून बघत होती, आणि मी तिच्या टाळूचा वास घेत होते, आणि एकाएकी मला शिवणवाल्या बाई आठवल्या. त्या माझ्यासमोर त्या बुटक्या खुर्चीत चार आठवडे बसल्या होत्या. कापड उलटं धरून शिवायचं आणि सुलटं कसं दिसेल ते डोक्यात ठेवायचं, हा त्यांचा धंदा. त्यांना उलटं वाचता येत नसेल? तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा सहा लिहिलं तेव्हा त्या कागदाकडे बघून "बरं" म्हणाल्या होत्या. मी पुढची तारीख सांगितली होती, मला वाटलं होतं ते "बरं" तारखेला आहे.

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. मग बोलल्या का नाहीत? आणि लगेच माझ्या मनाने उत्तर काढून दिलं, ऊबदार, घडी घातलेलं: त्यांनाही सहाच हवं असणार. वर्गातली जागा जायला नको, कॉलरी अडायला नकोत. म्हणजे त्यांनीही माझ्यासारखंच केलं, आम्ही दोघी सारख्याच, कुणी कुणाचं काही बिघडवलं नाही. मी हे उत्तर थोडा वेळ अंगावर ओढून बसले. मग मला त्याचा वास आला. चार वर्षं मला त्या बाईंच्या "बरं"ची आठवण झाली नव्हती, आणि आज माझं सहा मला गिळायचं आहे म्हणून मी त्यांच्या तोंडातही ते कोंबत होते. त्यांना काय हवं होतं ते मी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं तेवढं मला ठाऊक होतं, आणि त्यांनी आठ सांगितलं होतं.

लेकीला एका हाताने छातीपासून दूर धरून मी फोन लावला. ती चिडली, तिने माझा गळा ओरबाडला. धाकटी अजून विभागातच होती. "धाकटे, माझ्या कागदावर आकडा काय लिहिलास?"

"सहा, ताई."

"मी काय सांगितलं होतं?"

मागे कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. "आठ," ती म्हणाली. "ताई, मला कळलंच नाही. म्हणजे, तुमच्यातही धरायचं ना दोन? तुम्ही काही बोलला नाहीत, सही केलीत."

"केली. मला तेच हवं होतं. आता खोड आणि आठ लिही, बाजूला तुझी सही कर."

"कागद वर गेला डॉक्टरीणबाईंकडे."

"मग वर जा."

"लिफ्ट बंद आहे ताई, आणि त्या पाचला निघतात."

"मग चढ भराभर. तुझे गुडघे चांगले आहेत."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. चपलांचा आवाज सुरू झाला, ती जिना चढायला लागली होती; आणि धापा टाकत, मध्येच थांबून, तिने विचारलं, "आणि बाकीच्यांचं काय करायचं? मी तीन वर्षं लिहितेय. तुमच्या नोंदी त्याच्याही आधीच्या आहेत. कपाटं भरलीत ताई. कोणाकोणाचं खोडू?"

उद्यापासून जसं सांगतील तसं लिही, असं मी म्हणाले. शिक्के पडतील, ती म्हणाली. पडू देत, मी म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. ते "बरं" कशाला होतं, हे मी या वेळी विचारायला हवं होतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात लेकीचा धुतलेला मोजा. "काय आठ?"

"दुखणं, आई. सोमवारपासून दुसरी गोळी. पाजायचं बंद."

मला वाटलं, त्या म्हणतील, कधीपासून सांगत होते. ते म्हणायचा त्यांना हक्क होता, आणि मला त्या क्षणी कुणीतरी टोचून बोललेलं हवंही होतं. टोचलं की उलट बोलता येतं. त्यांनी मोजा दाराच्या कडीवर वाळत घातला, तो नीट ओढून सरळ केला. "आज गुरुवार," त्या म्हणाल्या. "तिला रडवतेस कशाला मग? घे."

मी घेतलं. ती हुंदके देतच लागली, मग हुंदका आणि घोट एकमेकांत अडकले, मग फक्त घोट. तिचं एक पाऊल माझ्या पोटावर टेकलं होतं आणि ते आत-बाहेर होत होतं, मांजर करतं तसं. तिच्या पायाचा अंगठा सगळ्या बाजूंनी वाकतो. मी किती सांधे पाहिलेत, पण कुठेच अडत नसलेला सांधा बघायला बसावं असा वेळ मला धंद्यात कधी मिळाला नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या जिन्यावर कुणीतरी सायकल उचलून नेत होतं, पायरीवर ठेवत, पुन्हा उचलत. चार दिवस. मी हिशोब करायचा नाही असं ठरवलं आणि केला: सकाळ-संध्याकाळ धरून आठ, आणि मधले मागेल तेवढे. मग तिचे घोट विरळ झाले, मग थांबले. ती झोपली होती, पण तोंड सुटलं नव्हतं. झोपेत ती असंच धरून ठेवते, आणि ओढून काढलं तर लागतं. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवायची, हिरड्यांमध्ये जरा दाबायचं, हवा जाते आणि पकड सुटते. हे मी अकरा महिने करत आले होते. उजवा हात तिच्या मानेखाली होता, तिच्या वजनाने तो मनगटापासून पुढे माझा राहिला नव्हता. डाव्या हाताची करंगळी मी तिच्या ओठांशी नेली. ती आत शिरली, पण दाबायला जोर येईना. पुन्हा दाबलं. कळ कोपरापर्यंत आली आणि लेकीने झोपेत आणखी घट्ट धरलं. मी करंगळी बाहेर काढली आणि तशीच बसून राहिले.

सासूबाईंनी स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून पाहिलं. तिसऱ्यांदा त्या आत आल्या, पदराला हात पुसत. माझ्याशेजारी गुडघे टेकून बसल्या, बसताना त्यांचे गुडघे वाजले. मला न विचारता त्यांनी आपली जाड, पाण्याने सुरकुतलेली करंगळी माझ्या अंगाशी, लेकीच्या ओठांत, हळूच घातली. लहानसा ओला आवाज झाला. लेकीचं तोंड उघडं राहिलं, तिने रिकाम्या हवेत दोन-तीन घोट घेतले आणि मान टाकली. सासूबाईंनी तिला उचलून खांद्यावर घेतलं, आणि माझा पदर त्यांनीच सारखा केला.